‘समदे दगूड येकसारखेच कसे?’

तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात लातूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका तासाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या लेकरांनी संगणकावरच्या आभासी जगात एक माळवदाचं घर बांधलं, म्हणजे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात पडली तसं, दगडी भिंतींचं आणि मातीच्या सपाट छपराचं. आम्ही सगळे आपापल्या बाहुल्या, म्हणजे पडद्यावरची आपली रूपं, घेऊन त्या घरातून फिरलो, एवढंच. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. बाकी बहुतेकांनी ‘मॅडम, सॉफ्टवेअर पाठवा’ एवढंच लिहिलंय. ते फुकट मिळतं, पाठवायची गरज नाही. नाव पुढं येईलच.

मी भूगोल शिकवते. लॉकडाउनमध्ये वर्षभर काळ्या चौकोनांसमोर बोलले. त्यापेक्षा आभासी जगातला वर्ग बरा, असं वाटतंय. सुरुवात वर्गखोलीपासून करू का? फळा, बाकं, टेबल असं?
– एक प्राध्यापिका, अंबाजोगाई

बाकं करू नका. मी केली होती. चोवीस बाकं, त्यांना पॉलिशचा रंग, मागं खिडक्या, समोर फळा. त्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. पहिल्या प्रॅक्टिकलला बावीस बाहुल्या बाकांवर बसल्या, मी फळ्यापाशी उभी राहिले आणि स्लाइड दाखवायला लागले. थोड्या वेळात एकेकीची मान खाली पडू लागली. या सॉफ्टवेअरमध्ये माणसानं काही मिनिटं कळफलकाला हात लावला नाही की त्याची बाहुली मान टाकते आणि डोक्यावर ‘अवे’ अशी पाटी येते. खऱ्या वर्गात डुलकी घेणारा पुढच्याच्या पाठीमागं लपतो तरी. इथं अख्खा वर्ग मान टाकून बसलेला, आणि मी आपली बोलतेच आहे. शेवटच्या बाकावरचा एकजण मात्र जागा होता. तो उडत होता. या जगात उडता येतं, हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती खोली पुसून टाकली.

हार्वर्डच्या कायद्याच्या महाविद्यालयानं २००६ मध्ये ‘सायबरवन’ नावाचा अभ्यासक्रम ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात घेतला. तिथं त्यांनी स्वतःच्या ऑस्टिन हॉलची प्रतिकृती उभी केली होती. ते ठीकच होतं, कारण त्या इमारतीत सरावाचं कोर्ट आहे आणि वकिलीच्या विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहणं हाच धडा असतो. टेक्सास वेस्लियन विद्यापीठाच्या मेरी ॲन क्लार्क यांनी त्याच जगात ‘जीनोम आयलंड’ केलं. तिथं आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या मठातली वाटाण्याची बाग आहे आणि विद्यार्थी स्वतः वाटाण्यांचे संकर करून पाहतात. दोन्हीकडं जागाच शिकवते. आमच्या बाकांना शिकवण्यासारखं काही नव्हतं.

कृषी विद्यापीठात शिवारफेरी असते, तुम्हाला माहीत आहेच. तिथं कोणी खुर्चीत बसवून कपाशी समजावत नाही. माणसं बांधावरून चालतात, कोणी मागं रेंगाळतो, कोणी वाकून पान उलटून बघतो, आणि प्रश्न तिथंच निघतो. वर्ग तसा घ्या. तुम्ही अंबाजोगाईच्या, म्हणजे बालाघाट तुमच्या दारात आहे. समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावरून काळ्या-करड्या छटांचं एक चित्र करता येतं, जितकं उंच तितकं पांढरं. ते चित्र सॉफ्टवेअरला दिलं की त्याची जमीन तयार होते. मुलांना डोंगराच्या माथ्यावर नेऊन उभं करा. उत्तरेला पडलेलं पाणी सिंदफणेकडं, दक्षिणेला पडलेलं मांजरेकडं. या जगात पाणी वाहत नाही, ते आरशासारखं सपाट असतं. म्हणून थेंबाऐवजी चेंडू सोडा. चेंडू उतारावरून घरंगळतो. लेकरं शंभर चेंडू सोडतील आणि जलविभाजक रेषा त्यांची तीच शोधतील. तुम्ही व्याख्या शेवटी सांगा, किंवा सांगूच नका.

अजून एक. या जगात टंकलेलं बोलणं साधारण २० मीटरपर्यंतच ‘ऐकू’ येतं. कुजबुज १० मीटर, ओरडणं १०० मीटर. पहिल्यांदा मला ही अडचण वाटली. आता मी मुद्दाम वीस मीटरच्या बाहेर थांबते. वर्गात जी मुलगी तीन वर्षं ‘येस मॅडम’च्या पलीकडं गेली नव्हती, ती तिथं चौघींना भिंतीचा छेद समजावत होती. मी जवळ गेले आणि ती गप्प झाली. तेव्हापासून मी लांबच असते. तास संपल्यावर त्यांच्या संभाषणाची नोंद वाचते. हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. सांगितल्याशिवाय वाचू नका.

देवनागरीचा एक त्रास मात्र आहे. आमच्याकडं जोडाक्षरं तुटायची आणि ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागं जाऊन बसायची. पाट्या दुसरीकडं मराठीत लिहून त्यांची चित्रं करा आणि ती चिकटवा. गप्पांमध्ये लेकरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. लिहू द्या.

खर्च किती? नॅकच्या मूल्यांकनाच्या दृष्टीनं उपयोग होईल का? आणि पाच वर्षांनी ही कंपनी राहील का?
– प्राचार्य, उदगीर

सर, शेवटचा प्रश्न तुम्ही पहिला विचारायला हवा होता.

‘सेकंड लाइफ’ २००३ मध्ये सुरू झालं. तिथं २५६ मीटर लांब, तेवढाच रुंद असा जमिनीचा तुकडा भाड्यानं मिळतो. आपल्या हिशेबानं सोळा एकर. त्याचं भाडं महिन्याला २९५ डॉलर होतं आणि शिक्षणसंस्थांना निम्मं. जगभरच्या विद्यापीठांनी तिथं ग्रंथालयं, प्रयोगशाळा, सभागृहं बांधली. २०१० च्या ऑक्टोबरात कंपनीनं जाहीर केलं की जानेवारीपासून ही सवलत बंद. बऱ्याच विद्यापीठांनी गाशा गुंडाळला. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेली माणसं कुठली परत येतात? पुढं हेच दुसऱ्या आभासी जगांत झालं. मायक्रोसॉफ्टनं ‘अल्टस्पेस व्हीआर’ १० मार्च २०२३ ला बंद केलं. मोझिलानं ‘हब्स’ची आपली सेवा ३१ मे २०२४ ला थांबवली. हब्सची आज्ञावली मात्र खुली होती, म्हणून ते दुसऱ्यांनी चालू ठेवलं.

बटईच्या रानात विहीर खोदायची नसते, सर. आम्ही ‘ओपनसिम्युलेटर’ वापरतो. २००७ पासून चालत आलेलं, खुलं, फुकट. ‘सेकंड लाइफ’सारखंच जग, पण आपल्या यंत्रावर. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर ते बसवलंय आणि बाकीचे संगणक ‘फायरस्टॉर्म’ नावाच्या दर्शकातून, म्हणजे हे जग पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, त्याला जोडतात. इंटरनेट लागतच नाही, प्रयोगशाळेतली तार पुरते. आमच्या आठ जीबीच्या यंत्रावर पंचवीस बाहुल्या बऱ्या चालतात, पुढं रांगायला लागतात. रोज संध्याकाळी अख्ख्या सोळा एकरांची एक फाइल करून ठेवते. वीज गेली, यंत्र मेलं, तरी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की भिंत जिथल्या तिथं. डोक्यावर घालायचे चष्मे आम्ही घेतले नाहीत. त्या पैशात यूपीएसच्या बॅटऱ्या घेतल्या.

म्हणजे खर्च पैशाचा नाही, माणसाचा. एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतला एक सहायक यांना सत्रभर आठवड्याचे चार-पाच तास मोकळे द्यावे लागतील. ते देणार नसाल तर सुरू करू नका.

नॅकच्या फायलीत फोटो छान दिसतात.

माझी मुलगी रात्री अकरापर्यंत संगणकावर बाहुली फिरवते आणि विचारलं की ‘आई, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे’ म्हणते. खरं समजायचं का?
– एक आई, माजलगाव

ताई, तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, मला फिरवून आण. प्रोजेक्ट असेल तर ती तुम्हाला कुठंतरी नेईल आणि काहीतरी दाखवेल. नुसतीच कपडे बदलत बसली असेल तर तेही कळेल. बाहुलीला नटवण्यात पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांचेच जातात. माझेही गेले, मी तिला इरकल नेसवायचा प्रयत्न करत होते.

एक मात्र नक्की विचारा. हे जग कॉलेजच्या आतलं आहे की बाहेरचं? बाहेरच्या जगात कोणीही अनोळखी बाहुली येऊन बोलू शकते. तिथं खरं नाव, गाव, फोन द्यायचा नाही, आणि कोणी मागं लागलं तर त्याला बंद करायचं बटण कुठं आहे, हे तिला माहीत हवं.

किल्लारी लातूरहून तासाभरावर आहे. एसटी जाते. मुलांना गाडीत बसवून न्या, दगडाला हात लावू द्या. हा कार्टूनचा खेळ कशाला?
– निवृत्त प्राध्यापक, नांदेड

सर, तुमचं पत्र कडू आहे आणि या पाचांत तेच मला सगळ्यात आवडलं. आम्ही नेतो. दरवर्षी नेतो. पण तिथं जुनं गाव राहिलंय कुठं? आज जी माळवदं आसपासच्या गावांत उभी आहेत, त्यांत माणसं राहतात. ‘भिंत मधून कापून दाखवा’ असं त्यांना सांगता येत नाही. आणि सगळी गोष्ट भिंतीच्या मध्येच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसं विसर्जन करून दमून घरात झोपली होती. मी तेव्हा अकरावीत होते, लातुरातच. तुम्हाला वेगळं सांगायला नको. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तीव्रतेच्या मानानं इतकी का गेली, ते भिंतीत आणि माळवदात आहे. भिंत दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून भक्कम. पण ती एक भिंत नसते. आतलं तोंड वेगळं, बाहेरचं वेगळं, मध्ये चिखल आणि बारीक दगडांची भरण. दोन्ही तोंडांना शिवणारा जोडदगड नाही. हादरा बसला की दोन्ही तोंडं पोट फुटल्यासारखी विलग होतात. वर कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांवर, पांढरी माती. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात थर चढवत चढवत ती फूट-दोन फूट झालेली. अर्धा मीटर माती धरली तरी एका चौरस मीटरवर आठशे किलोच्या घरात वजन. खाली माणसं.

हे मी फळ्यावर पंधरा वर्षं काढत आले. परीक्षेत सगळे तो छेद बरोबर काढायचे आणि साइटवर गेले की विसरायचे. आभासी जगात त्यांनी भिंत दगड-दगड करून रचली, आणि नंतर बाहुली त्या दोन तोंडांच्या मधल्या भरणीत शिरवून आतून वर पाहिलं. हे किल्लारीत जाऊन जमणार नाही, सर.

पण आमच्या दोन चुका सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

पहिली. आम्ही भिंत पाडून दाखवायचं ठरवलं. या जगात वस्तूला ‘आता तुला गुरुत्वाकर्षण लागू’ अशी आज्ञा देता येते. आठशे दगडांना एकदम आज्ञा दिली. यंत्र गुदमरलं, दगड चिंचोक्यांसारखे उडाले, एक बाहुली छपरावरून लांब तलावात जाऊन पडली आणि वर्गात हशा पिकला. मीही हसले. औसा तालुक्यातली एक मुलगी आत आलीच नव्हती. तिची बाहुली अंगणात उभी होती. तिनं टंकलं, ‘आमच्यात हे हसून सांगत नाहीत.’ तिचा जन्म १९९३ नंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. कोणी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. भिंत पाडणं आम्ही काढून टाकलं. तसंही ते भूकंपाचं गणित नव्हतंच. त्या दगडांना ना चिरा पडत होत्या, ना मातीला चिकटपणा होता. नुसता तमाशा होता.

दुसरी चूक मला कळलीच नसती. औशाकडचे एक म्हातारे गवंडी आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांनी माउसला हात लावला नाही. एका पोराच्या मागं खुर्ची घेऊन बसले, धोतर सावरलं आणि पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे समदे दगूड येकसारखेच कसे? असं कोन्या खाणीत निघतंय?’

पोरांनी एक दगड करून त्याच्या नकला डकवल्या होत्या. बाबा म्हणाले, दगड सारखे असतील तर गवंड्याचं काय काम? कुठल्या दगडाचं तोंड कुठं बसवायचं, हीच तर गवंडीकी. पोरांनी आठवडाभर बसून बारा प्रकारचे वेडेवाकडे दगड केले आणि भिंत पुन्हा रचायला घेतली. आता दोन तासांत जेमतेम हातभर भिंत होऊ लागली. फटी राहायच्या. बाबा मागून सांगायचे, ‘चीप घाल तिथं. डावीकडं. आता ह्यो उलटा कर.’

मग जोडदगडाची वेळ आली. आयएस १३८२८ : १९९३ या भारतीय मानकात सांगितलंय की भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड दर ६०० मिलिमीटर उंचीवर घालायचा, आडव्या दिशेनं १.२ मीटरपेक्षा लांब अंतर नको, आणि भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या आत ठेवायची. लेकरांनी दहा मिनिटांत सगळे जोडदगड बसवून टाकले. एकजण म्हणाला, ‘एवढं सोपं हाय तर तेव्हाच्या लोकांनी का घातले नसतील? त्यांना कळत नव्हतं का?’

बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र घाम फुटला. त्या पडद्यावर दगडाला वजन नव्हतं. बोटानं ओढला की भिंतीवर. अशा जगात जुना माणूस मूर्खच ठरणार, आणि तो धडा मीच बांधला होता.

त्यानंतर नियम केला. संगणकाला हात लावायच्या आधी कॉलेजच्या मागच्या आवारात जायचं. तिथं काळ्या दगडाचा ढीग आहे. फूटभर लांब, आठ इंच रुंद आणि तेवढाच उंच दगड ३५ किलोच्या आसपास भरतो. तो दोघांनी मिळून छातीपर्यंत उचलायचा. मग दीड फुटाचा जोडदगड, पन्नासच्या पुढं. तो ढिगात शोधूनही सहसा सापडत नाही, कारण एवढा लांब दगड खाणीतून निघायलाच नशीब लागतं. निघाला तरी घडवायला मजुरी, आणायला गाडी. बाबा तिथं बोलले. ‘मालक म्हनायचा, कशाला लांब दगूड? भिंत रुंद तर हाय.’

पोरांनी घामाघूम होऊन एक जोडदगड गुडघ्यापर्यंत उचलला आणि सोडून दिला. नंतर पडद्यावर प्रत्येक जोडदगडाला त्यांनीच एक पाटी लावली: वजन, आणि उचलायला किती माणसं. मी सांगितलं नव्हतं. या वर्षीचे टर्म वर्कचे गुण मी त्या पाट्यांना दिले, भिंतीला नाही.

तर सर, एसटी आणि कार्टून दोन्ही. पण आधी ढीग. येत्या जानेवारीत नांदेडहून याच. तुमच्यासाठी एक खुर्ची बाबांच्या शेजारी ठेवते. माउसला हात लावायची सक्ती नाही.

माझ्याकडं संगणक नाही, फोन आहे. कॉलेजातली लॅब चारला बंद होते आणि माझी गाडी साडेतीनला. मी या वर्गात कसा येऊ?
– विद्यार्थी, सेनगाव

खरं सांगते, आमचं जग फोनवर नीट चालत नाही. ब्राउझरमध्ये उघडणारी काही आभासी जगं फोनवर चालतात, पण तिथं दगड-दगड करून भिंत रचणं म्हणजे बोटांना शिक्षा. त्यापेक्षा प्राध्यापकांना सांगून जोडीत काम माग. आमच्याकडं एका संगणकावर दोघं असतात. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याकडं कागदावरचा नकाशा आणि मानकाची प्रत. कागदवाल्याचं काम लॅबबाहेर, गाडीतसुद्धा होतं, आणि तेच जास्त अवघड आहे.

तुझ्या फोनचा मात्र मला उपयोग आहे. सेनगावच्या आसपास कोणाचं जुनं माळवद असेल तर विचारून आत जा. दाराच्या चौकटीत भिंतीची पूर्ण जाडी दिसते, तिथं टेप धर आणि फोटो काढ. कोपऱ्याचा एक, कडीपाटाचा एक, आणि प्लास्टर निघालेलं असेल तर त्या जागेचा जवळून एक. हिंगोलीकडची एकही भिंत आमच्याकडं नाही. फोटो काढण्याआधी घरच्यांना कशासाठी ते सांग, आणि घरमालकाचं नाव पाठवू नकोस, गाव पुरे. टेप नसेल तर विती मोज. पण तुझी वीत किती इंचांची, तेही लिही.